पाठीमागची अंगठी

ओटमार ब्रेंडलचा पत्त्यांवर विश्वास नव्हता. जमीनमोजणी खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाचा विश्वास हद्दीच्या दगडावर असतो, आणि तोही शेजारच्या दगडाशी ताडून पाहिल्यावर. भविष्य, राशी, हाताच्या रेषा असल्या गोष्टींना त्याच्या लेखी नकाशात जागा नव्हती. तरीही एप्रिलातल्या एका दुपारी तो हेडविगबाईंच्या खोपट्यात गुडघे जुळवून बसला होता, आणि त्या टेबलावर भविष्य सांगायचे लेनोर्मांचे छत्तीस पत्ते मांडत होत्या. माणूस गरजवंत झाला की त्याची अक्कल पाणी भरायला जाते, म्हणतात ते खोटं नाही.

याला कारण आमोनबाई.

आमोनबाई तुमच्या कोण, असं कुणी विचारलं असतं तर ओटमार म्हणाला असता, "परिचित." न्युर्नबर्गच्या कडेला रेल्वेलाइनलगत आमच्या बागसंघाच्या चिमुकल्या बागा आहेत. त्यातल्या ओटमारच्या बागेत आमोनबाई कित्येक वर्षं दर रविवारी दुपारी केक घेऊन येत. तो कॉफी करी. खोपट्याच्या भिंतीला टेकवलेल्या बाकावर दोघं शेजारी बसत, वाटेवरून जाणाऱ्यांना नमस्कार करत आणि दुसऱ्यांच्या बटाट्यांना नावं ठेवत. इतकी वर्षं होऊनही "ब्रेंडलसाहेब" आणि "आमोनबाई" यापुढे गाडी सरकली नव्हती. आमच्याकडे "तुम्ही"वरून "तू"वर यायला रीतसर प्रस्ताव लागतो, आणि तो बाईने मांडायचा असतो. ओटमार नियमाचा पक्का. तो वाट बघत होता.

मागच्या रविवारी मात्र आमोनबाईंनी केक कापता कापता सांगितलं, "घरमालकाला माझी जागा मुलासाठी हवी आहे. तिकडे उत्तरेला, समुद्रकाठी कीलला बहिणीचा वरचा मजला रिकामा आहे, ती ये म्हणते. महिनाअखेर कळवायचंय."

ओटमारच्या मनात आलं ते असं: जाऊ नका. माझ्याकडे या. आपण लग्न करू. तोंडातून आलं ते असं: "कीलला वारा फार."

"असेल," आमोनबाई म्हणाल्या, आणि दोघांनी केक संपवला.

आता यात त्याची अडचण समजून घेतली पाहिजे. ओटमारचं एक लग्न होऊन मोडलं होतं. ती रेनाटे आता एका दंतवैद्याबरोबर मायोर्का बेटावर सुखात होती. एकदा चुकीच्या जागी दगड रोवला की मोजणीदाराचा हात दुसऱ्यांदा थरथरतो. त्याला कुठूनतरी एक पक्की खूण हवी होती. आणि सगळा बागसंघ पक्क्या खुणेसाठी हेडविगबाईंकडे जात असे.

हेडविगबाई ऐंशीच्या घरातल्या. जन्मभर औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभ्या होत्या, आणि औषध द्यायच्या त्याच पद्धतीने पत्ते बघायच्या: गोड बोलणं नाही, मात्रा चोख. मोबदला म्हणून मुरंब्याची बरणी चाले. त्यांनी आठ-आठच्या चार ओळी मांडल्या आणि उरलेले चार खाली ठेवले.

"हा तुम्ही," त्यांनी एका पत्त्यावर बोट ठेवलं. लांब कोट घातलेला एक पुरुष उजवीकडे बघत उभा होता. "तो बघतोय ते पुढचं. पाठ केलीय ते मागचं. ही बाई. बघा, तुमच्या समोर आहे आणि तुमच्याकडेच बघतेय. मध्ये बाग."

ओटमार खुर्ची पुढे ओढून वाकला. त्याने पाहिलं तर हेडविगबाईंचं बोट कोटवाल्याच्या पाठीमागे जाऊन थांबलं होतं. तिथे अंगठी होती. अंगठीला लागून झाड.

"अगं बाई!" हेडविगबाई म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जन्मभर लोकांच्या मूळव्याधीच्या चिठ्ठ्या चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता वाचलेल्या बाईने असं करावं, म्हटल्यावर ओटमारच्या मानेवरचे केस उभे राहिले. विश्वास नसलेल्या माणसाचेसुद्धा केस असतातच.

"इतकी स्वच्छ मांडणी मी आजवर पाहिली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "अंगठी म्हणजे बांधिलकी. कशातनं आलेली, ते शेजारचा पत्ता सांगतो. पण तुमची अंगठी पाठीमागे पडलीय. आणि पाठीमागे म्हणजे—"

बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला.

हेडविगबाई गुडघ्यांच्या चिखल-उपचारासाठी झऱ्यांच्या गावी निघाल्या होत्या. या उपचाराची तारीख विमा कंपनीने एकदा मंजूर केली की आमच्याकडे माणूस मरणसुद्धा पुढे ढकलतो. त्यांनी पत्ते गोळा करून पर्समध्ये टाकले.

"पाठीमागे म्हणजे काय?" ओटमार त्यांच्या बॅगेमागून धावला.

"आल्यावर सांगते. तीन आठवडे."

"अहो, महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे!"

"ब्रेंडल, मीटर चालू आहे," असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

ओटमारने घरी जाऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्या मांडणीचा मापात नकाशा काढला, उत्तर दिशेसकट. दुसरी गोष्ट म्हणजे उपचार केंद्राला फोन लावला.

"बाई चिखलात आहेत," पलीकडून उत्तर आलं.

"कधी निघतील?"

"डॉक्टर काढतील तेव्हा."

"फक्त एक शब्द विचारायचाय. पाठीमागे म्हणजे काय?"

"पाठीचा विभाग वेगळा आहे," पलीकडची मुलगी म्हणाली आणि तिने फोन तिकडे जोडून दिला. तिथे ओटमारच्या मणक्याची सविस्तर चौकशी झाली आणि ऑगस्टातली तारीख मिळाली.

आता गुपित ठेवायचं तर नकाशा बागेतल्या टेबलावर पसरून बसू नये. पण ते ओटमारला सुचलं नाही, आणि शेजारची विल्ट्राउट कुंपणावरून डोकावली. विल्ट्राउट ही संघाची चिटणीस. केस कापायच्या दुकानात बसून तिने जगातली यच्चयावत भविष्याची मासिकं वाचून काढली होती.

"अंगठी पाठीमागे!" तिने छातीवर हात ठेवला. "अहो, म्हणजे पहिली बायको! आणि झाड म्हणजे मुळं. मुळं धरून बसलीय ती. जुनी अंगठी सुटल्याशिवाय नवी येत नसते, ब्रेंडलसाहेब. सोडवून घ्या!"

ओटमारने मनावर दगड ठेवून मायोर्काला फोन केला. रेनाटेने शांतपणे ऐकून घेतलं.

"ओटमार, मी तुला केव्हाच सोडलंय. कोर्टात. तू होतास तिथे," ती म्हणाली. "पण बरं झालं फोन केलास. आईचा काट्याचमच्यांचा संच तुझ्याकडेच राहिला का रे?"

संच त्याच्याकडेच होता. तेवढी एक नवी जबाबदारी गळ्यात घेऊन त्याने फोन ठेवला.

उरली ती जुनी अंगठी. ती खोपट्यात खिळ्यांच्या डब्यात पडलेली होती. विल्ट्राउट म्हणाली, वाहत्या पाण्यात सोडा. ओटमार पेग्नित्झ नदीच्या पुलावर गेला, आजूबाजूला पाहिलं, हात उचलला.

"थांबा!" कुत्र्याला फिरवणाऱ्या एका म्हातारीने आवाज दिला. "काय टाकताय?"

"अंगठी."

"धातू? नदीत? लाज नाही वाटत? शिकलेले दिसता!"

शिकलेला असल्यामुळे ओटमारला लाज वाटली. तो मुकाट्याने पालिकेच्या कचरा-वर्गीकरण केंद्रावर गेला. तिथल्या माणसाने अंगठी तळहातावर घेऊन उलटसुलट केली. भंगार लोखंडाचा डबा होता, तारांचा होता, तव्यांचा होता. सोन्याचा नव्हता.

"का टाकताय? चांगली आहे की," तो म्हणाला.

"वैयक्तिक कारण आहे."

"वैयक्तिक आम्ही घेत नाही," तो माणूस म्हणाला, आणि त्याने अंगठी परत दिली. ओटमारमागे रांगेत गादी घेऊन उभा असलेला गृहस्थ सहानुभूतीने हसला. ते हसू ओटमारला फार लागलं. अंगठी परत खिळ्यांच्या डब्यात गेली.

तोवर ही बातमी संघभर झाली होती. अध्यक्ष पॉप स्वतः आले. पॉप हे नियमावली कोळून प्यायलेले गृहस्थ. स्वतःच्या बायकोच्या सूर्यफुलांची उंची जास्त भरली म्हणून तिला त्यांनी लेखी समज दिली होती. त्यांनी नकाशा बघितला, उत्तर दिशा दाखवल्याबद्दल समाधान व्यक्त केलं आणि निकाल दिला.

"अंगठी म्हणजे करार. पाठीमागे, म्हणजे जुने करार. माणूस करारांनी जखडलेला असतो, ब्रेंडल. मोकळे व्हा. मग बघा नवीन काही जुळतं की नाही."

ओटमारला हे पटलं, कारण यात काही करण्यासारखं होतं. त्याने चर्चच्या गायकवृंदाला राजीनामा दिला. वृंदप्रमुखाने "अखेर!" असा एकच शब्द लिहून पाठवला. ते त्याला अपेक्षित नव्हतं. लाकडी बाहुले पाडायच्या खेळाचा क्लब सोडला, वर्तमानपत्र बंद केलं, अंत्यविधीची पॉलिसी रद्द केली. या शेवटच्या कामासाठी तो प्रत्यक्ष गेला, तेव्हा तिथल्या बाईने काळजीने विचारलं, "मग तुमचा बेत काय आहे?" आठवड्याच्या शेवटी ओटमार जगाशी इतका सुटा झाला होता की संध्याकाळी काय करावं ते त्याला कळेना. आणि आमोनबाईंना विचारायचं धैर्य काही आलं नव्हतं.

"सगळं सोडलंत?" पॉपनी विचारलं.

"सगळं."

"आणि सर्वांत जुना करार?" पॉपनी हात पसरून बाग दाखवली.

खरं तर इथे कुणीतरी ओटमारच्या पाठीत एक धपाटा घालायला हवा होता. पण अर्धवट मोजणी त्याला जन्मात जमली नव्हती. एकदा फीत धरली की दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. त्याने सही केली. पॉपना वाईट वाटलं, पण बागेसाठी तरुण कुटुंबं इतकी ताटकळलेली होती की त्यांनी डोळे पुसत पुसत येत्या रविवारीच पाहणी ठेवली.

रविवारी दुपारी पॉप नियमावली घेऊन आले आणि विल्ट्राउट फीत घेऊन. त्यांनी कुंपण मोजलं, खोपटं मोजलं. ओटमार परक्यासारखा बाकाजवळ उभा होता. आणि नेमक्या नेहमीच्या वेळी आमोनबाई केकचा डबा घेऊन फाटकातून आत आल्या.

"काय चाललंय?"

"अहो, ब्रेंडलसाहेबांनी बाग सोडली ना!" विल्ट्राउट आनंदाने ओरडली. "तुम्हाला सांगितलं नाही?"

आमोनबाईंनी डबा बाकावर ठेवला. झाकण नीट बसलंय की नाही ते पाहिलं.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "मला आधी कळलं असतं तर लहान केला असता."

"आमोनबाई, त्याचं असं आहे—"

"असू दे हो. बरंच झालं. मी आज बहिणीला कळवून टाकते."

ओटमारला वाटलं, पायाखालून सगळी मोजलेली जमीन सरकली. हे सगळं तिच्यासाठी केलं आणि तिलाच घालवून बसलो, हे त्याला लख्ख दिसलं. तेवढ्यात खोपट्याच्या मागून पॉपचा आवाज आला.

"ब्रेंडल! इकडे या! हे काय आहे?"

ओटमार निघाला आणि खोपट्याच्या कोपऱ्यावर थबकला. तिथे जमिनीलगत एक सुतळी ताणलेली होती. फार पूर्वी आमोनबाईंनी विचारलं होतं, मागे मोकळी पट्टी आहे तिथे मी माझं काही लावू का? ओटमारने त्यांना ती पट्टी मोजून दिली होती, हद्द म्हणून स्वतःच्या हाताने सुतळी बांधली होती आणि त्यानंतर एकदाही ती ओलांडली नव्हती. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, हा त्याचा धर्म. मागच्या बाजूला रेल्वेचा बांध, त्यामुळे तिकडचं दुसऱ्या कुणालाही दिसायचं कारण नव्हतं.

"येऊ का?" त्याने आमोनबाईंना विचारलं.

"आता मला कशाला विचारता?"

त्याने सुतळी ओलांडली.

खोपट्याची मागची भिंत दिसतच नव्हती. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नासपतीचं झाड पसरलं होतं. खोड मधोमध, आणि दोन्ही बाजूंना फांद्या जमिनीला समांतर, एकावर एक, पट्टीने आखाव्यात तशा सरळ. आणि सबंध झाड फुललेलं. पांढऱ्या फुलांनी भिंत इतकी गच्च भरली होती की लाकूड शोधावं लागत होतं. मधमाश्यांचा एकच घुमारा चालला होता. पॉप टोपी काढून उभे होते. नियमावली त्यांच्या काखेत होती आणि तोंड उघडं.

ओटमार जवळ गेला. असं झाड आपोआप वाढत नाही हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक कोवळी फांदी वेळीच वाकवावी लागते, बांधावी लागते, धीराने वर्षानुवर्षं. फांदीफांदीला तारेशी बांधणारी कापडाची एकेक पट्टी होती. त्याने एका पट्टीला हात लावला. करडी, त्यावर बारीक निळी रेघ. हा त्याचा कचेरीतला शर्ट होता. पलीकडे चौकड्यांचा, जो त्याने निवृत्तीच्या दिवशी घातला होता. फडक्यांना होतील म्हणून त्याने दरवर्षी आमोनबाईंना दिलेले सगळे शर्ट तिथे होते. एकही पट्टी सालीत रुतलेली नव्हती. फांदी जाड होईल तशी कुणीतरी दर वसंतात प्रत्येक गाठ सोडून पुन्हा सैल बांधली होती. भिंतभर कापडाच्या अंगठ्याच अंगठ्या होत्या.

ओटमारला रडू येईल असं वाटलं. आपण ज्या खोपट्याला टेकून इतके रविवार बसलो, दुसऱ्यांच्या बटाट्यांना नावं ठेवली, कुणीतरी खूण द्यावी म्हणून ताटकळलो, त्याच्याच मागच्या भिंतीवर, आपल्या पाठीला जवळजवळ चिकटून हे चाललं होतं. जन्मात त्याने एवढं थक्क करणारं काही पाहिलं नव्हतं, आणि ते त्याच्याच बागेत होतं.

"नासपतीला फळ धरायला वर्षं लागतात," तो कसाबसा म्हणाला.

"मला माहीत होतं," आमोनबाई म्हणाल्या. त्या सुतळीपाशी उभ्या होत्या.

"मला वाटलं, मागे रुबार्बच्या भाजीचा वाफा आहे."

"रुबार्बपण आहे."

"मग तो दर शरदातला नासपतीचा केक..."

"बाजारातल्या नासपतीला एवढा वास असतो का?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत, ब्रेंडलसाहेब," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज थोडा हलला.

पॉपनी घसा खाकरला. "झाड... झाड सुंदर आहे. माझं वैयक्तिक मत. पण याची नोंद नाही. नोंद नसलेलं फळझाड बाग सोडणाऱ्याने स्वखर्चाने तोडून द्यायचं. नियम नऊ."

"मी राजीनामा मागे घेतो," ओटमार म्हणाला.

"येत नाही घेता."

"पॉप, बघा जरा."

पॉपनी नियमावली उघडली. त्यांनाही ते झाड तोडलेलं नको होतं हे दिसत होतं. ते पानं फार जोरात उलटत होते. "एकच वाट आहे. कुटुंबस्थितीत बदल झाला तर. जन्म, विवाह किंवा मृत्यू."

ओटमारने विचार केला. "जन्म या वयात कठीण," तो म्हणाला. "मृत्यूची पॉलिसी मी रद्द करून बसलोय." मग तो आमोनबाईंकडे वळला. पूर्ण वळला. "आमोनबाई, माझ्याशी लग्न कराल का?"

विल्ट्राउटच्या हातातली फीत सटकन डबीत परत गेली.

"बागेसाठी?" आमोनबाईंनी विचारलं.

"नाही," ओटमार म्हणाला. यावेळी शब्द बरोबर वाटेने आले. "बाग गेली तरी विचारतोय. कीलला जाणार असलात तर कीलला येतो. वारा सोसेन. मी इतके दिवस हेच विचारायला खूण शोधत हिंडतोय, आणि माझ्या पाठीशी एवढं सगळं बांधून ठेवलेलं होतं. मी मूर्ख आहे हो."

आमोनबाईंनी सुतळी ओलांडली आणि एक गाठ चाचपून पाहिली. मधमाश्यांना मात्र कसलीच घाई नव्हती.

"कीलला वारा खरंच फार आहे, ओटमार," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि तू काही मूर्ख नाहीस. फक्त सरळ समोर बघतोस."

तो "तू" ऐकून विल्ट्राउटने रुमाल काढला. पॉपनी तोंडी विवाह ग्राह्य धरता येत नाही, नोंदणी कचेरीचा दाखला लागेल असं बजावलं, आणि दाखला येईपर्यंत करवत स्थगित असल्याचं जाहीर केलं. मग कुणी न सांगता त्यांनी झाडाची नोंद केली. केक नेहमीएवढाच मोठा होता, तो चौघांना पुरला.

हेडविगबाई परतल्या तेव्हा ओटमारचं बाक खोपट्यामागे गेलं होतं, झाडाकडे तोंड करून. बाक हलवल्याबद्दल पॉपची नोटीस बाकाच्याच पाठीला चिकटवलेली होती. फुलं गळून आता बारीक हिरवी फळं धरली होती. हेडविगबाई झाडासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तर पाठीमागे म्हणजे," त्या म्हणाल्या, "झालेलं. गाठ केव्हाच बांधली गेलीय, झाडासारखी मुरलीय. तुम्ही फक्त वळा. एवढंच सांगायचं होतं."

"अहो, मग तेव्हाच एका वाक्यात सांगायचं नाही का?" ओटमार कळवळून म्हणाला. "मी गायकवृंद सोडला! वर्तमानपत्र सोडलं! मायोर्काला काटेचमचे पाठवले!"

"टॅक्सी उभी होती," हेडविगबाई म्हणाल्या आणि मुरंब्याच्या बरणीची आठवण देऊन गेल्या.

आमोनबाई, म्हणजे आता गेर्लिंडे, शिडीवर होती. एक फांदी वर्षभरात जाड झाली होती, तिची जुनी गाठ सोडून ती नवी बांधत होती. पट्टी हिरव्या चौकड्यांची होती. तो शर्ट ओटमारच्या मते अजून अगदी घालण्याजोगा होता, पण त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"ओटमार, वर ये जरा. इथे बोट धर."

त्याने शिडीच्या खालच्या पायरीवर चढून फांदी आणि पट्टीच्या मध्ये बोट ठेवलं. तिने त्याच्या बोटावरून गाठ मारली.

"आता काढ," ती म्हणाली. "एवढी जागा दरवर्षी ठेवायची."